रिकाम्या बाजेवरचा माणूस

फौजदार संयोगिता रिकाम्या बाजेजवळ उभी होती आणि फोनवर साताऱ्याहून स्वप्ना सांगत होती, "बाबा बाजेवरच बसलेत. मला दिसतायत."

संयोगितानं बाजेवर हात ठेवला. सुंभ गारठलेलं होतं.

पलूसबाहेरच्या या मळ्यात स्वप्नाचे वडील, निवृत्त सुभेदार धनाजी, एकटेच राहत. कालपासून त्यांचा फोन बंद होता. दाराला बाहेरून कुलूप होतं. मोबाइलवर अंगणातल्या कॅमेऱ्याचं चित्र दिसत होतं म्हणून लेक निर्धास्त राहिली. पण फोन काही लागेना, तेव्हा तिनं पोलिसांना कळवलं.

भिंतीवरच्या कॅमेऱ्याचा दिवा विझलेला होता. शेजारच्या रंगुबाईंनी सांगितलं, डीपी जळालाय, कालपासून वस्तीला लाईट न्हाई.

मग हे चित्र येत होतं कुठून?

कॅमेरा धनाजींच्या पुतण्यानं, मिलिंदनं, बसवला होता. संयोगिता हवालदाराला घेऊन शिराळ्यातल्या त्याच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात पोचली. त्यानं शांतपणे समजावलं. इंटरनेटवरचा घराचा पत्ता कायमचा नसतो, लाईट जाऊन आली की बदलतो. म्हणून घराला एक नाव दिलंय. घरातलं मशीन दर वेळी नवा पत्ता त्या नावापुढं नोंदवतं. स्वप्ना नुसतं नाव उघडते.

"हा पत्ता हातानं कोण बदलू शकतं?"

"ज्याच्याकडं पासवर्ड असंल तो. माझ्याकडं हाय, स्वप्नाताईकडं हाय. पण हॅकर लय झालेत, मॅडम."

"चुलत्यांना शेवटचं कधी भेटलास?"

"दिवाळीला."

संयोगितानं स्वप्नाला फोन लावला आणि तिला चित्रावर नजर ठेवायला सांगितलं. मग तिनं दुकानाचा मेन स्विच खाली ओढला, बॅटरीची वायरही उपसली.

"चित्र गेलं," स्वप्ना ओरडली. "बाबा दिसत न्हाईत."

संयोगितानं स्विच वर केला. मशीनं घरघरली. मिलिंद दाराकडं सरकला, तिथं हवालदार उभा होता.

"आले. परत बाजेवर बसलेत."

"पलूसला अजून लाईट नाही," संयोगिता मिलिंदला म्हणाली. "तिथला कॅमेरा बंद पडलाय. नावापुढं तू या दुकानाचा पत्ता टाकलास आणि इथून जुनं चित्रण सोडत राहिलास. मी वीज तोडली तसं ते तुटलं. वीज आल्यावर दुकानाला नवा पत्ता मिळाला, तुझ्याच मशीननं तो नोंदवला आणि धनाजी परत बाजेवर आले. बाहेरचा हॅकर तुझ्या स्विचवर चालत नाही."

रस्त्याकडेची जमीन चुलता विकू देत नव्हता. सही करेपर्यंत त्याला डांबायचं, तोवर ताईला संशय यायला नको, एवढंच ठरवलं होतं, असं मिलिंद पुटपुटला.

"आणि सही झाल्यावर?"

मिलिंदची नजर मागच्या दाराकडं गेली.

मागच्या गोदामात, खोक्यांच्या थप्पीआड, धनाजी सापडले. हातपाय बांधलेले, ओठ सुकलेले, पण श्वास चालू होता. संयोगितानं त्यांना पाणी पाजलं आणि व्हिडिओ कॉल लावला.

स्वप्नानं फोन डोळ्यांजवळ धरला. मग हळूच म्हणाली, "बाबा, हात हलवा."

धनाजींनी हात वर केला. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.