बाईंच्या स्टुलाची बाजू

सन एकोणनव्वद. जळगावच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून रेघा मोजायचो. परदेशातल्या यंत्रात जड अणुकेंद्रं एकमेकांवर आदळली की कण चहूकडे उडतात आणि काचेवरच्या लेपात त्यांच्या रेघा उमटतात. प्रत्येक टकरीत कण कुठल्या बाजूला जास्त गेले, एवढंच शोधायचं. मी कोन सांगायचो, डावीकडच्या स्टुलावर बसून धरणगावच्या सुनंदाबाई लिहायच्या. दर आकड्याआधी थांबून विचारायच्या, "लिहू का, भाऊ?"

चैत्रातल्या उकाड्यात मला कंटाळा आला. चाळीस टकरींचे कोन मी नळीला डोळा लावून चक्क मनाने ठोकून दिले.

प्रयोग चालवणाऱ्या सरांनी काचा पुन्हा तपासल्या, आकडे जुळेनात, तेव्हा वही आमच्या पुढ्यात टाकली. अक्षर बाईंचं होतं. माझी नोकरी गेली असती. मी म्हणालो, "त्यांच्या ऐकण्यात चूक झाली असेल."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मी ऐकं तेच लिखं. बठ्ठं तुमनंच सांगेल शे ना, भाऊ?"

सगळं मीच सांगितलेलं होतं, तरी मी वही मिटून सरांकडे सरकवली. बाईंना काढलं. केळीच्या बागेत मजुरीला जातात असं पुढे कळलं.

मग मी एकटाच मोजू लागलो, अगदी इमानदारीने. तर रेघांची दाटी दरवेळी डावीकडेच.

"असं कसं होईल?" सर वैतागले. "दर टकरीची बाजू निराळी असते." त्यांनी स्वतः मोजलं तेव्हा ती निराळीच निघाली.

मी काच फिरवली. पुन्हा डावीकडेच. बाईंचं स्टूल तेवढं त्या बाजूला होतं. ते दाराशी नेलं, तर रेघा दाराकडे कलल्या.

शेवटी स्टूल अडगळीच्या खोलीत टाकलं आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत पाहिलं. एकापाठोपाठ एक टक्कर बघत गेलो. दाटी कुठेच नव्हती. चारी बाजूंना रेघा सारख्या.

कुठलीच बाजू उरली नव्हती. मधोमध मी बसलो होतो तेवढीच जागा उरली होती.

सवयीने पहिला कोन मोठ्याने सांगितला. मागे कोणीतरी थांबलं, आकडा लिहिण्याआधी बाई थांबायच्या तितकंच.

मला मागे वळून बघवेना.

"ते चाळीस खोटे होते," मी म्हणालो. "बाईंनी मी सांगितलं तेच लिहिलं."

मागे कागदावर पेन चालू लागलं. माझं पेन माझ्या खिशात होतं.