निळ्या बर्फाचं वळण

"वर जाताना घाम, खाली येताना कुडकुड," मामा म्हणाला. "एवढं ज्याच्या डोक्यात शिरलं, त्यानेच हिवाळ्यात डोंगरावर सायकल न्यावी. बाकीच्यांनी घरी पांघरुणात बसावं."

मामाच्या सायकल दुकानात सभा भरली होती. जमिनीवर नकाशा, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवलेली जुनी पेडलं आणि भोवती तीन डोकी. पहिलं डोकं कप्तानचं. ही मामाची थोरली भाची. तिला कप्तान कुणी केलं नव्हतं, ती आपली आपणच झाली होती. तिच्या मागे मागे सगळीकडे जाणारा धाकटा भाऊ म्हणजे शेपूट. आणि तिसरा शंकासुर. त्याच्या वडिलांची लॉंड्री होती, आणि आज मंगळवार आहे असं सांगितलं तरी तो म्हणायचा, "कशावरून?"

बेत पक्का होत आला होता. अंगात एकावर एक कपडे, म्हणजे तापलं की एकेक काढता येतात. पाण्याच्या बाटलीला लोकरी मोजा, म्हणजे पाणी गोठत नाही. आणि उतरताना वारा छातीत शिरू नये म्हणून जॅकेटच्या आत वर्तमानपत्र. या शेवटच्या सूचनेवर शेपूट इतका खूश झाला की त्याने तिथल्या तिथे पोटावर वर्तमानपत्र लावलं आणि दिवसभर कुरकुर आवाज करत फिरला.

एवढी तयारी कशासाठी, तर आजोबांसाठी. डोंगराच्या माथ्यावरच्या हवामान केंद्रात ते काम करत. रोज दुपारी एक भलामोठा पांढरा फुगा आकाशात सोडत. कप्तानला दोन चाकांची सायकल नीट चालवताही येत नव्हती, तेव्हा ते तिला म्हणाले होते, "स्वतःच्या पायांनी सायकल मारत वर ये, फुग्याची दोरी तुझ्या हातात देतो." कप्तान हे कधी विसरली नव्हती. आता आजोबा निवृत्त होत होते. सुट्टी संपायच्या आत ते बाडबिस्तरा घेऊन कायमचे खाली येणार होते. जायचं तर याच सुट्टीत, नाहीतर दोरी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात.

आईने परवानगी दिली होती. मामा बरोबर हवा आणि रस्ता उघडा हवा, या दोनच अटींवर. मामा तर तयारच होता.

घोडं अडलं ते रस्त्यापाशी. दुसऱ्याच दिवशी बातमी आली की डोंगरावरच्या खालच्या वळणावर सकाळी बर्फ धरतो, म्हणून रस्त्याच्या सुपरवायझरांनी पाटी लावली आहे: दुचाकींना रस्ता बंद.

"दुपारी वितळतो ना? मग दुपारी जाऊ," शेपूट म्हणाला.

मामाने मान हलवली. चढ लांबचा होता. सकाळी निघालं तरच अंधाराआधी परत येता येत होतं. कप्तानने पेडलं उचलली, नकाशा गुंडाळला आणि कोपऱ्यात ठेवला. तिने बेत गुंडाळून ठेवला म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामाचाही चेहरा पडला. शेवटी तोच म्हणाला, "चला, पायी जाऊन बघून तरी येऊ, एवढा काय बर्फ आहे तो."

बर्फ होता. वळणाच्या आतल्या बाजूने, पातळ आणि गुळगुळीत, काचेसारखा. मामाने बूट टेकवला आणि तो सर्रकन घसरून खाली बसला. शेपटाला हसू आवरेना. मामालाही आवरलं नाही.

शंकासुर मात्र हसत नव्हता. तो उकिडवा बसून बर्फ बघत होता, मग पुढे जाऊन वरची वळणं बघून आला. ती सावलीत होती, तिथे जास्त थंडी होती आणि तरीही रस्ता ठणठणीत कोरडा होता. इथे तर सकाळचं ऊन पहिल्यांदा पडतं. मग इथेच बर्फ कसा? आणि पाऊस नाही, पाणी नाही, तर बर्फ झाला कशाचा?

त्यांनी सुपरवायझरांनाच विचारलं. वळणाच्या वर त्यांची चौकी होती, बाहेर पाट्या, फावडी आणि खडीचा मोठा ढीग. सुपरवायझर दिलखुलास माणूस. चहाचा मग हातात घेऊन त्यांनी सांगून टाकलं की डोंगर आहे, कुठून तरी झिरपतंच, त्याला कोण काय करणार. परवा ते लग्नाला गेले होते, म्हणून परत येईपर्यंत पाटी लावायला उशीर झाला, याचीच त्यांना जास्त चुटपुट होती.

"परवा बर्फ होता?" शंकासुराने विचारलं.

सुपरवायझरांनी डोकं खाजवलं. नव्हता बहुतेक. दूधवाला तसाच वर गेला होता म्हणे.

परत येताना शंकासुराचे डोळे चमकत होते. साहेब असले की बर्फ, साहेब नसले की कोरडं! त्याच्या मते हा सरळसरळ कट होता. सुपरवायझर लपूनछपून रस्त्यावर पाणी ओततात, म्हणजे वाहनं नाहीत आणि कामही नाही. शेपटाला हे फार आवडलं. पण कप्तानने विचारलं की पाटी लावायला उशीर झाला म्हणून हळहळणारा माणूस असं करेल का. शंकासुर थोडा वरमला.

"आमचे बाबा म्हणतात, डाग कुठून आला ते कळल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही," तो म्हणाला.

"मग तेच शोधू," कप्तान म्हणाली. बर्फ बघितल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

संध्याकाळी ते बाटल्या भरायच्या निमित्ताने पुन्हा चौकीवर गेले. मागच्या भिंतीला एक नळ होता, खाली मोरी. नळाची बारीक धार चालू होती. पाणी वाया जाताना दिसलं की शेपटाचा हात आपोआप पुढे जातो, घरी आईने लावलेली सवय. तो नळ पिळणार तोच खिडकीतून सुपरवायझर ओरडले, "अरे, बंद करू नकोस! गोठेल, पाइप फुटेल!"

मग त्यांनी नीट समजावलं. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत ते रोज संध्याकाळी धार सोडून ठेवतात. आणि लग्नाला जाताना? तेव्हा मुख्य व्हॉल्व बंद करून गेले होते. शंकासुराने कप्तानकडे बघितलं, कप्तानने शंकासुराकडे.

"काका, मोरीचं पाणी कुठे जातं?" कप्तानने विचारलं.

"गटारात, आणि गटारातून खाली दरीत. त्याचा रस्त्याशी काय संबंध?" सुपरवायझरांनी हात झटकला. ते बर्फाचं पाणी डोंगराचं होतं, आणि डोंगरापुढे कुणाचं चालतं? पोरांनी काही म्हटलं तरी ते ऐकून घेणार नव्हते, हे उघड होतं. तोंडाने सांगून उपयोग नव्हता, डोळ्यांना दाखवायला हवं होतं.

युक्ती लॉंड्रीतूनच आली. कपड्यांना घालायची नीळ! शंकासुराने ती जाड फडक्यात बांधून घट्ट पुरचुंडी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कप्तानने सुपरवायझरांना सहज विचारलं की एवढ्या पाट्या रंगवतं कोण. झालं! पाट्या ते स्वतः रंगवत, आणि त्या विषयावर त्यांना कुणी आजवर काही विचारलंच नव्हतं. ते एकेक पाटी काढून दाखवू लागले. तेवढ्यात शेपूट मागे गेला आणि पुरचुंडी मोरीच्या तोंडाशी, धारेखाली, दगडाने दाबून आला. फक्त परत येताना त्याने हात मागे लपवले होते, कारण ते कोपरापर्यंत निळे झाले होते.

सकाळी मामाला घेऊन ते वळणावर पोचले आणि तिथेच थबकले. बर्फ निळा होता. उन्हात तो असा लखलखत होता की मामा नुसता बघत राहिला. चौकीतून सुपरवायझर हातात चहाचा मग घेऊन खाली आले.

"हे काय?"

"डोंगराची नीळ," शंकासुर म्हणाला. "झिरपली असेल कुठून तरी."

सुपरवायझरांनी त्याच्याकडे पाहिलं, शेपटाच्या हातांकडे पाहिलं आणि निळी रेघ धरून ते चढू लागले. रेघ रस्त्यावरून गटाराच्या काठाशी गेली आणि तिथे खडीच्या ढिगाखाली शिरली. ढीग बरोबर गटाराच्या तोंडावर होता. पाण्याला आत जायला जागाच नव्हती, म्हणून ते बाहेर पडून रस्त्याने खाली येत होतं.

"ही खडी इथे कुणी टाकली?" मामाने विचारलं.

सुपरवायझरांनी बुटाने थोडी खडी सरकवून पाहिली. "मीच टाकून घेतली," ते म्हणाले. "हिवाळ्यात बर्फ धरलाच, तर त्यावर पसरायला."

आधी मामाला हसू फुटलं, मग शेपटाला, आणि शेवटी सुपरवायझर स्वतः इतके हसले की मगातला चहा सांडला. मग त्यांनी फावडं उचललं. मामाने दुसरं घेतलं, मुलांनी घमेली. दुपारपर्यंत गटार मोकळं झालं. धार रोजच्यासारखीच चालू ठेवली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वळण कोरडं होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही कोरडं होतं, तेव्हा सुपरवायझरांनी पाटी उपटली आणि कप्तानच्या आईला फोन करून स्वतः सांगितलं.

लगेच पुढच्या सकाळी मामाला घेऊन सगळे निघाले. चढ मात्र चढच होता. शंकासुराने निम्म्या वाटेत माथा खरंच आहे का अशी शंका काढली. शेपटाने दोनदा सायकल ढकलली आणि आपण चाकं तपासत होतो असं सांगितलं. कप्तानचे पाय भरून आले, पण ती उतरली नाही. शेवटचं वळण घेतलं तेव्हा केंद्राच्या दारात कानटोपी घातलेले आजोबा उभे होते. त्यांनी हात वगैरे हलवला नाही. ते नुसते बघत राहिले, आणि मग घाईघाईने चष्मा पुसू लागले.

आत वायरलेस खरखरत होता. रोज दुपारी आजोबा खालच्या चौकीला हवा सांगत आणि चौकी त्यांना रस्ता सांगे. आजही हवा सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "रस्ता?"

"मोकळा," सुपरवायझरांचा आवाज आला. "आणि अण्णा, इतके दिवस मी माझा बर्फ डोंगराच्या नावावर खपवत होतो. तुमच्या पोरांनी पकडलं. फार हुशार आहेत हो."

आजोबा अंगणात आले आणि फुग्याची दोरी कप्तानच्या हातात ठेवली. फुगा ओढ घेत होता. एवढे दिवस जिची वाट पाहिली ती दोरी आता सोडायची, याचं तिला क्षणभर वाईट वाटलं. मग तिने मागे पाहिलं. "या ना रे," ती म्हणाली, आणि शंकासुर आणि शेपूट धावत आले. तिघांनी मिळून दोरी सोडली. फुगा वर, वर, निळ्यात गेला.

सगळे मान उंचावून बघत होते. आजोबा मात्र मुलांकडे बघत होते.

"फुगे जन्मभर सोडले," ते म्हणाले. "असे पाहुणे पहिल्यांदाच वर आले. जिंकलंत पोरांनो."

उतरायची तयारी करताना शेपटाने छातीशी वर्तमानपत्र लावलं. कुरकुर आवाज ऐकून आजोबांनी कान टवकारले. "कधीचं आहे?"

"आजचं."

आजोबांनी ते अलगद त्याच्या जॅकेटमधून ओढून घेतलं आणि गळ्यातला जाड लोकरी मफलर काढून त्याच्या छातीशी नीट गुंडाळला. इथे वर ताजा पेपर त्यांना आजवर कुणी आणून दिला नव्हता. ते दारातल्या उन्हात खुर्ची ओढून वाचायला बसले आणि पोरं वळणाआड जाईपर्यंत त्यांनी एकही पान उलटलं नाही.