मुकं मीठ

बाबांना परत आणायचं होतं. मोहीम म्हणा, साहस म्हणा, जे काही घडलं ते एवढ्यासाठीच.

वस्तीच्या टोकाला दगडांची उतरण होती, उतरणीखाली मिठाचं कोरडं तळं आणि तळ्यापलीकडे हवामान केंद्र. भिंगरीचे बाबा कित्येक वर्षं मोटरसायकलवरून त्या केंद्राला सामान पोचवत. परवा पहाटे ते नेहमीसारखे निघाले आणि काल संध्याकाळी केंद्रातून रेडिओवर विचारणा झाली, "सामानवाले निघाले ना?" शोधपथकाला धुकं उठेपर्यंत विमान उडवता येत नव्हतं, आणि धुकं काही उठत नव्हतं.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तेच म्हणायला लागले. आता ती खडकाळ रानातल्या शर्यती जिंकणारी मोठी मुलगी होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

मामाच्या गॅरेजमध्ये तिची गाडी स्टँडवर चढवलेली होती. मामा पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून तेल मोजत होता. दारात आई उभी होती.

"अरे, तिकडे माणूस हरवलाय आणि तू तेल कसलं बदलत बसलायस?"

"ताई, रागावू नकोस. हे दोन पाय बघ, चाकाला धरून ठेवणारे. हा फोर्क. एका नळीत दुसरी नळी सरकते. आत स्प्रिंग असते. ती दणका झेलते. पण नुसती स्प्रिंग असली तर गाडी बेडकासारखी उड्या मारत बसेल. म्हणून तेल. नळी दबली की तेलाला बारीक भोकातून वाट काढावी लागते. भोक मोठं, तर फोर्क मऊ. भोक लहान, तर फोर्क कडक."

"आणि हे आत्ताच का?"

"कारण उतरणीवर हा फोर्क तळाला आपटला, तर तुझी लेक हँडलवरून उडून आमच्याआधी तळ्यात पोचेल."

त्याने फोर्कच्या डोक्यावरचे दोन स्क्रू डावीकडे फिरवले. भिंगरीने हँडल दाबून पाहिलं. फोर्क लोण्यासारखा खाली गेला आणि तितक्याच शांतपणे वर आला. आवाज नाही, धक्का नाही.

"भाऊजींचाही असाच करून दिला," मामा कौतुकाने म्हणाला. "गेल्याच आठवड्यात. मनगटं दुखतात म्हणत होते."

तेवढ्यात काका आला. बाबांचा धाकटा भाऊ. त्याची गाडी नवीकोरी, फोर्क तर सोनेरी! आल्या आल्या तो म्हणाला, "निघायचं का मुहूर्त काढायचाय?"

"आले रॉकेट," मामा पुटपुटला.

मामाची स्वतःची गाडी मात्र दिव्याखाली अंधार! दुसऱ्यांचे फोर्क सुधारण्यात त्याचा जन्म गेला, पण स्वतःचा फोर्क इतका कडक आणि गंजका, की काडीवरून चाक गेलं तरी त्याचे दात वाजत.

उतरण भयंकर होती. दगड डोक्याएवढे, त्यांवर धुक्याची ओल. भिंगरी उभी राहून गाडी सोडत होती. चाक दगडावर चढे, आदळे, पुन्हा चढे, पण तिच्या हातांपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. मामाच्या हातात जादू होती खरी! मागून मामाचा आवाज मात्र तुटक तुटक येत होता.

"अ-गं-ह-ळू!"

"मामा, बोलू नकोस. जीभ चावशील!"

"चा-व-ली!"

काका हसत पुढे निघून गेला. ते त्याचं त्या दिवसाचं शेवटचं मोकळं हसणं. कारण खाली पोचले आणि तिघांनीही आपोआप गाड्या थांबवल्या.

समोर काहीच नव्हतं.

जमीन पांढरी. धुकं पांढरं. दोहोंमधली रेघ पुसून टाकलेली. सूर्य कुठेतरी होता, पण त्याचा उजेड सगळीकडून सारखाच येत होता, त्यामुळे कशालाच सावली नव्हती. भिंगरीने पायाखाली पाहिलं. मीठ खडबडीत आहे की सपाट, हेही डोळ्यांना सांगता येईना. लहानपणी तिने बाबांना एकदा विचारलं होतं, "धुक्यात तुम्हाला वाट कशी दिसते?" बाबा म्हणाले होते, "दिसत नाही गं. हातांना कळते." तिला तेव्हा ती थट्टा वाटली होती.

"परवापासून वारा पडलाय, पण दुपारी कधीही सुटेल," मामा म्हणाला. त्याचा आवाज आपोआप खाली आला होता. "वारा सुटला की पलीकडचं खारं पाणी इकडे सरकतं आणि मिठाचा थर मऊ पडतो. त्याआधी बाहेर पडायचं. थराखाली चिखल आहे, आणि त्याचा तळ कुणी पाहिलेला नाही."

बाबांनी वाटेवर लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. एका खुंटीवरून दुसरी जेमतेम दिसत होती. बाबांच्या चाकाची रेघ खुंट्यांना धरून सरळ चालली होती. तिघं तिच्यामागून निघाले. इंजिनांचा आवाज धुकं गिळून टाकत होतं. आपणच चालवत असलेली गाडी लांब कुठेतरी दुसरं कुणी चालवतंय, असं वाटत होतं.

मामाचं रडगाणं चालूच होतं. "अरे, हे मीठ आहे की किसणी? एकेक कंगोरा हाडात मोजतोय मी!"

"कसले कंगोरे?" काका ओरडला. "गालिच्यावरून चाललोय!"

भिंगरीलाही गालिचाच वाटत होता.

आणि मग बाबांच्या चाकाची रेघ खुंट्या सोडून उजवीकडे वळली.

"इकडे कशाला गेला दादा?" काका म्हणाला. ते रेघेमागून वळले. थोडं गेल्यावर मामाने सुस्कारा टाकला. "हुश्श! आत्ता कुठे गुळगुळीत रस्ता लागला."

भिंगरीला काही फरक जाणवला नाही. पण तिने करकचून ब्रेक दाबला.

रेघ संपली होती.

वळली नव्हती, पुसट झाली नव्हती. संपली होती! पुढे कोरं मीठ. पडलेली गाडी नाही, खड्डा नाही, पावलं नाहीत. पाटीवर रेघ ओढता ओढता कुणी पेन्सिल उचलावी, तसं.

तिघंही तिथेच उभे राहिले. इंजिनं कधी बंद झाली ते कळलं नाही, पण शांतता पसरली आणि त्या शांततेत आवाज आला.

टण-टण... टण.

लोखंडावर लोखंड. उजवीकडून, धुक्याच्या आतून.

टण-टण... टण.

"दादा!" काकाने किक मारली. "दादाच आहे! गाडीवर पाना आपटतोय! दादाऽऽ!"

"थांबा हो!" मामा ओरडला. पण सोनेरी फोर्क धुक्यात शिरलासुद्धा.

आवाज असा झाला : आधी सायीवर बोट टोचावं तसा. मग एक मोठा घोट.

"काका!"

काका कमरेपर्यंत करड्या चिखलात होता. गाडी त्याच्या खालून चाललीच होती. हँडल गेलं. आरसे गेले. पुढचा दिवा चालू होता. तो खाली जाता जाता पिवळा झाला, मग मातकट, आणि थराखाली गेल्यावरही पेटलेलाच दिसत राहिला.

"हलू नका!" मामाने गाडीला बांधलेला दोर सोडला. "पाय मारू नका! पाठीवर आडवे व्हा! पाण्यात तरंगतात तसे! हात पसरा!"

"पाय धरलेत!" काका किंचाळला. "कुणीतरी पाय धरलेत माझे!"

"चिखल आहे तो! आडवे व्हा म्हणतो ना!"

काका आडवा झाला. दोर छातीवरून पडला. त्याने तो काखेतून बांधला. भिंगरीने दुसरं टोक आपल्या गाडीच्या मागच्या दांड्याला अडकवलं आणि गाडी वळवून आलेल्या रेघेवरून काढली. हळू. आणखी हळू. दोर ताणला. चाक फिरलं, घसरलं, धरलं! काका पाठीवर घसरत आला आणि खडबडीत मिठावर येऊन पडला. त्याचे बूट आतच राहिले होते.

मागे चिखलावर खारं पाणी पसरलं, आणि बघता बघता त्यावर पांढरी कड धरू लागली. तिथे काही घडलं होतं, हे संध्याकाळी कुणालाही कळलं नसतं.

टण-टण... टण.

"मला दादा हाका मारतोय," काका थरथरत म्हणाला. "आणि मी इथे."

भिंगरी मामाच्या गंजक्या फोर्ककडे बघत होती.

"मामा, तू 'गुळगुळीत रस्ता लागला' कधी म्हणालास?"

"रेघ संपायच्या जरा आधी. का?"

"त्याच्याआधी कंगोरे लागत होते?"

"लागत होते म्हणजे? खुळखुळा झालाय माझा."

"मला एकही लागला नाही. काकालाही नाही." ती सावकाश बोलत होती, गणित सोडवताना बोलावं तशी. "मीठ जाड आणि सुकं असलं की त्याला कंगोरे येतात. जिथे थर पातळ आणि ओला, तिथे ते विरघळतात. गुळगुळीत म्हणजे पातळ. बाबा म्हणाले होते, हातांना कळते. त्यांचा फोर्क कडक होता, मामा. मिठावरचा प्रत्येक कंगोरा त्यांच्या मनगटांत टकटक करत होता. म्हणून तर मनगटं दुखायची."

मामाचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला.

"आणि मी मऊ करून दिला," तो म्हणाला.

"ते नंतर. आधी माझा फोर्क बिघडव."

मामाने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. उजवीकडे, पार अडेपर्यंत. एक पाय, मग दुसरा. आतली भोकं बारीक झाली. तेल अडलं. भिंगरीने हँडल दाबलं. लाकडाचा ओंडका दाबावा तसं लागलं.

ती निघाली. टक-टक-टक-टक. प्रत्येक कंगोरा तळहातांत वाजत होता. कोपरं दुखली, दात वाजले. तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं! मागून मामा आणि त्याच्या गाडीवर मागे बसलेला अनवाणी काका.

टण-टण... टण. उजवीकडे.

तिने हँडल थोडं उजवीकडे नेलं. तळहातांतली टकटक बारीक झाली. आणखी बारीक. मग हात मुके झाले. तिने झटकन गाडी डावीकडे घेतली.

"भिंगरे, आवाज त्या बाजूला आहे!" काका ओरडला. "तुझा बाप आहे तिथे!"

मुलांनो, हा क्षण फार अवघड असतो. कान एक सांगतात, हात दुसरंच, आणि मन कानांच्या बाजूला असतं. भिंगरीचे डोळे भरून आले. ते बाबा असतील तर? ते हाका मारताहेत आणि आपण पाठ फिरवतोय? पण ज्यांनी तिला शिकवलं होतं, त्यांनी 'कानांना कळते' असं म्हटलं नव्हतं.

ती टकटकीला धरून राहिली. जाड मिठाची ती पट्टी वाकडीतिकडी होती. आवाजाला वळसा घालत, कधी त्याच्याजवळ जात, कधी लांब. एका ठिकाणी ठोका इतका जवळून आला, की मामाने झटकन डोकं वाकवलं. तिथे पाहिलं तर नुसतं धुकं. कुणी नाही. पाना नाही, लोखंड नाही.

मग पट्टी थोडी उंचावली. उंचवट्यावर काहीतरी गडद दिसलं. ते हललं.

"बाबा!"

बाबा रिकामी पाण्याची बाटली कवटाळून बसले होते. ओठ फुटलेले, पाय घोट्यातून सुजलेला, घसा इतका कोरडा की शब्द कुजबुजीसारखे येत होते. गाडी बुडाल्यावर ते पोटावर सरपटत इथवर आले होते आणि कुठली बाजू टणक हे कळेना, म्हणून जागचे हलले नव्हते. भिंगरीने त्यांना घोट घोट पाणी पाजलं. काका त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

"भाऊजी," मामा म्हणाला, "तुमचा फोर्क... मी..."

"सुखाचा होता हो," बाबा कुजबुजले. "फार सुखाचा. मीच मागितला होता." मग त्यांनी तिघांकडे पाहिलं. "पण तुम्ही इतके ठोकत का होतात?"



"कोण ठोकत होतं?" काकाने विचारलं.

"म्हणजे? परवा तेच ऐकून तर मी खुंट्या सोडल्या. म्हटलं, कुणीतरी अडकलंय."

तेवढ्यात गालाला वारा लागला.

"निघा!" मामा म्हणाला. "आत्ता! बोलणं घरी!"

बाबा भिंगरीच्या मागे, काका मामाच्या मागे. आलेल्या रेघेवरून, टक-टक-टक-टक. डाव्या बाजूने पाण्याची पातळ साय सरकत आली आणि चाकांना चाटू लागली. टकटक पुसट झाली. "थांबू नकोस," बाबा तिच्या कानात म्हणाले, "अजून बोलतंय. अजून बोलतंय." पहिली खुंटी! दुसरी! मागून ठोके येत होते, सावकाश, कंटाळा नसल्यासारखे. कुणीही मागे वळून पाहिलं नाही. चाक पहिल्या दगडाला आपटलं आणि त्या दणक्याने चौघंही कळवळले, तेव्हा मामा मोठ्याने म्हणाला, "वा!"

पुढे मामाने खरी सुधारणा केली. फोर्कच्या डोक्यावर हातमोज्यातूनही फिरवता येईल अशी मोठी चकती बसवली. दगडांवर डावीकडे, फोर्क मऊ. मिठावर उजवीकडे, फोर्क कडक. सुखसुद्धा हवं तेव्हा बंद करता आलं पाहिजे, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो. स्वतःच्या गाडीचा फोर्क त्याने अजून हातात घेतलेला नाही.

पाय बरा झाल्यावर बाबा पुन्हा सामान पोचवू लागले. धुकं असलं की ठोके ऐकू येतात, ते म्हणतात. मिठाला ऊन लागलं की ते तडकत असेल, असं मामाचं मत. धुक्यात ऊन कुठून, असं भिंगरीचं.

मागच्या खेपेहून आल्यावर बाबांनी गाडी स्टँडवर चढवली. मग काकाला म्हणाले, "तुझ्या गाडीचा दिवा दिसला. मिठाखाली. पिवळा."

काका हसला. "काहीतरीच काय, दादा! इतके महिने झाले. बॅटरी एवढी टिकत नाही."

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले, आणि त्यांनी चकती उजवीकडे, पार अडेपर्यंत फिरवून ठेवली.