पहिल्या पानाबाहेर

"यादीत चलतीचं वजन वाढवू नकोस, शर्वाणी. ज्याची कोणी विचारपूस करत नाही, त्यालाच तर आपल्याला शोधायचंय," असं तिचे वरिष्ठ केरकर सर निवृत्तीच्या आदल्या दिवशी म्हणाले होते. शर्वाणीने मान डोलावली, पण तिचे कान पाळणाघराच्या फोनकडे होते. तिची लेक इरा तेव्हा सात महिन्यांची होती. सरांच्या पिढीला आकड्यांची भीतीच वाटते, असं मनाशी म्हणत तिने दुसऱ्याच आठवड्यात वजन वाढवलं.

२०५८ साली 'सांभाळ' ही कंपनी कोकणपट्टीतली चार हजारांवर एकटी म्हातारी माणसं सांभाळत होती. म्हणजे खरं तर त्यांची घरं. नळ किती वाहिला, दार कधी उघडलं, शेगडी पेटली का, हे भिंतीत बसवलेल्या संवेदकांच्या टिकल्या टिपत. आधी त्या घंटाही वाजवायच्या. पण मांजर आलं तरी घंटा, उपास असला तरी घंटा, म्हणून त्या बंद केल्या. आता सगळ्याची नोंद महासूचीत व्हायची. महासूचीत माहिती नसे. कोणाची माहिती कुठे ठेवली आहे एवढंच असे, ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणासारखं. सेविका सकाळी तिथे 'एकटे, पाणी कमी' असं काही टाकून शोधत आणि पहिल्या पानावरच्या वीस घरांतून फेरीची घरं वाटून घेत. दुसरं पान उघडायला वेळ कोणाला?

वर कोण आणि खाली कोण, हे शर्वाणीच्या हातात होतं. तीन गोष्टी बघायच्या. शब्द जुळतात का, नोंद ताजी आहे का, आणि तिसरी चलती: ती नोंद आजवर किती वेळा उघडली गेली. प्रत्येकीला किती वजन द्यायचं, एवढाच प्रश्न. तिने सेविकांनाच परीक्षक केलं. यादीतल्या उपयोगी नावांवर खूण करा, म्हणाली. चलती वाढवताच खुणा दुप्पट झाल्या. साहेबांनी पेढे वाटले. सेविका ओळखीच्या घरांवरच खुणा करत होत्या, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

अकरा महिन्यांनी छबूताई घाणेकर रत्नागिरीच्या ऑफिसात आल्या. वीस वर्षं फेऱ्या मारणारी बाई. खुर्चीत टेकायलाही तयार नव्हती.

"मॅडम, मालगुंडच्या दमयंती पेडणेकर गेल्या का हो?"

"गेल्या म्हणजे?"

"अहो, तसं नव्हे! लेकाकडे, पुण्याला. यादीत नाव येईना, तर आम्ही सगळ्यांनी तसंच धरलं. आणि आज सकाळी लेकाचा फोन. म्हणतो, आई फोन उचलत नाही, तुम्ही जाता ना रोज?"

शर्वाणीने नाव शोधलं. "तीन हजार आठशे बारावा नंबर."

"नापास झाल्या की काय बाई?"

"त्यांचं काही चुकलं नाही. कोणी उघडली नाही म्हणून नोंद खाली गेली, आणि खाली गेली म्हणून कोणी उघडली नाही."

"मराठीत सांगा."

"मी इराची नोंद दिवसातून चाळीसदा उघडते. झोपली का, रडली का. पाळणाघरही 'सांभाळ'चंच ना. महासूचीत नुसतं 'झोप' टाका, अख्ख्या कोकणात माझी पोर पहिली."

छबूताई हसल्या नाहीत. "आणि दमयंतीबाईंची कोण उघडणार चाळीसदा?"

शर्वाणीने ती उघडली. सात महिने रोज सव्वादहाला दार उघडत होतं आणि अकरापर्यंत उघडंच राहत होतं. सव्वादहा ही छबूताईंची जुनी वेळ. गेले चार दिवस दार उघडलंच नव्हतं.

छबूताई धावतच निघाल्या. दीड तासाने त्यांचा फोन आला. म्हातारी पलंगाशी पडलेली, खुबा मोडलेला, पाण्याचा तांब्या हाताशी, श्वास चालू. "डोळे उघडून काय म्हणाल्या माहितीये, मॅडम? आज उशीर केलास गं, छबू."

पुढचा आठवडाभर लेकाने, साहेबांनी, सगळ्यांनीच ती नोंद उघडून पाहिली. दमयंतीबाई पहिल्या नंबरवर आल्या. इस्पितळात त्यांच्याभोवती सेविकांची रीघ लागली. "वैतागल्यात बिचाऱ्या," छबूताई म्हणाल्या.

पण पानावर घरं वीसच मावायची. त्या वर आल्या तसं कोणीतरी खाली घसरलं. शर्वाणीने चलती शून्यावर आणली, तर ताजेपणा जड झाला आणि बिघडलेल्या टिकल्यांची घरं तळाला गेली. तो सावरला, तर तिसरेच कोणी बुडाले. कसंही वजन करा, क्रम लावायचा म्हणजे कोणालातरी एकविसावं ठेवायचं. वर्षभरात एकदाही न उघडलेल्या नोंदी तिने मोजल्या. सहाशे त्रेचाळीस. त्या सगळ्या ती उघडत बसली, एकेक. पण ऑफिसातल्या खुर्चीतून नोंद उघडली, म्हणून कोणाच्या दारात कोणी उभं राहत नाही.

शेवटी पडद्यावरची सूची बंद करून तिने कागद घेतला. सहाशे त्रेचाळीस चिठ्ठ्या, गावोगावच्या एसटी थांब्यांवर लावायला. त्यातली ही एक, नजरेस पडली असेल तर तुमच्यासाठी:

"यशवंत सावरटकर, वय एक्क्याऐंशी. गुहागरकडच्या रस्त्याला, चिऱ्याच्या खाणीमागचं एकटं घर. चौदा महिन्यांत यांची चौकशी झालेली नाही. दार रोज सकाळी उघडतं आणि लगेच मिटतं. तुम्ही त्या वाटेने जात असाल, तर जाऊन बघा. फोन करू नका, दार वाजवा. आणि वाजवून निघून येऊ नका. त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो."