मिस्टर व्हेडरची कॉलर

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात पुरुषांच्या शर्टांच्या सुट्या कॉलरी बनत. त्या धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करायचं काम आयरिश बायकांकडे. विनी गेराटी त्यांच्यातलीच एक. तिच्या हातची कॉलर टेबलावर टाकली की टणटणायची.

कारखान्याचा सुपरिंटेंडंट व्हेडर याच्या स्वतःच्या कॉलरीही या बायकांच्याच मजल्यावर इस्त्री होत. आधी ते काम विनीची धाकटी बहीण डेलिया करायची. ऑगस्टच्या उकाड्यात डेलिया इस्त्र्या तापवायच्या शेगडीपाशी कोसळली, ती उठलीच नाही. खिडक्या उघडल्या की हडसन नदीवरच्या बोटींची काजळी कपड्यावर बसते, म्हणून व्हेडरनं त्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या. चौकशीत मात्र हा गृहस्थ बायबलवर हात ठेवून म्हणाला, "खिडक्या उघड्या होत्या. पोरगी दारू ढोसून आली होती."

डेलियानं जन्मात चहापलीकडे काही चाखलं नव्हतं!

तिला पुरल्यावर व्हेडरनं विनीला डेलियाच्याच टेबलापाशी कामाला उभं केलं. विनी मुकाट्यानं उभी राहिली. पोट कुणाला चुकलंय? पण मनाशी एकच गाठ मारली: याच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं, तेही चारचौघांत.

सप्टेंबरात व्हेडर कॉलर हातात घेऊन वर आला.

"ही आटवलीस तू."

विनीनं टेप लावली. "माप तेच आहे, साहेब. बघा ना तुम्हीच."

त्यानं वाकून पाहिलं. माप तेच होतं.

"मग आवळते कशी?"

"घरचं जेवण मानवत असेल," शेजारच्या टेबलावरून पेग म्हणाली. बायका फिदीफिदी हसल्या. व्हेडर पाय आपटत निघून गेला.

त्यानं मोठ्या मापाच्या कॉलरी शिवून घेतल्या, मग त्याहून मोठ्या. माणूस मात्र वाळत चालला होता. विनीला मोह झाला नसेल असं नाही. पण तिनं खरोखरच काही केलं नव्हतं. कामात खोट करणं तिला जमलंच नसतं. एक गोष्ट तेवढी तिला उमगेना. इस्त्री कितीही फिरवली तरी त्याच्या कॉलरी ओलसरच राहत.

पेगनं एकदा बोट फिरवून जिभेला लावलं.

"बाई गं! खारट आहे."

"गप बस."

"अगं विनी, घाम आहे हा."

विनीनं पुन्हा इस्त्री तापवली. त्या दिवशी ती पेगशी बोलली नाही.

ऑक्टोबरात बायकांच्या तक्रारीवरून राज्याच्या राजधानीहून, आल्बनीहून, चौकशी समिती यायची होती. व्हेडरनं सकाळीच खिळे उपटवले, खिडक्या सताड उघडल्या. कसला बेरड माणूस! समितीची मंडळी जिना चढत असतानाच तो विनीच्या टेबलापाशी धावत आला. ओठ निळे पडलेले.

"सोडव हे. बटण निघत नाही."

विनीनं पाहिलं. कॉलर ढगळ होती. आत तिची मूठ सहज मावली असती.

"आधी खिडक्यांचं सांगा."

"विनी, मरतोय मी."

"तीही मरत होती, मेल्या! सांग!"

दारात समितीची तीन माणसं हॅट हातात घेऊन थबकली. व्हेडर त्यांच्याकडे वळला.

"खिळे मी ठोकले होते," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ती... पाणी मागत होती."

"आणि दारू?"

"खोटं. खोटं बोललो मी."

विनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं बटणाला हात लावला. ते अलगद निघालं. कॉलर तिच्या हातात आली.

व्हेडरला श्वास घेता येईना.

त्याच्या उघड्या गळ्यावर एक वळ उमटला होता. चहूबाजूंनी. तो खोल जात होता.

गळ्याला काहीही लागलेलं नव्हतं.

विनी मागे सरली.

"डेलिया," ती पुटपुटली. "सोड गं. बोलला तो."

वळ आणखी आत गेला.

डॉक्टरनं हृदय बंद पडल्याचं सांगितलं. खिडक्या त्यानंतर उघड्याच राहिल्या. डेलिया दारुडी होती असं पुन्हा कुणी म्हणालं नाही.

व्हेडरला पुरायच्या सकाळी अंत्यविधीवाला म्हातारा स्नायडर वर आला. तो घुटमळत विनीच्या टेबलापाशी थांबला.

"साहेबांना घालायला कॉलर हवी होती."

"कुठलं माप?" पेगनं विचारलं.

त्यानं खिशातून सुतळीचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"गळ्याचं माप आहे हे. मी दोनदा घेतलं."

विनीनं ती सुतळी उचलली आणि आपल्या मनगटाभोवती गुंडाळली. दोन्ही टोकं नेमकी जुळली.