माइकवरचा स्पंज

रेडिओवरचा माझा कार्यक्रम मी सोडला. म्हणजे सोडलाच नाही असं धरून चाला. केंद्रावर सगळे तसंच धरून चालतात.

कार्यक्रम दुपारचा. ज्यांची गाणी कुठलीच कंपनी काढत नाही त्यांची मी लावायचो: शिलाई मशीनच्या तालावर हुंदके देणारी बाई, पाण्याच्या टाकीत बसून क्लॅरिनेट फुंकणारे दोन भाऊ. ऐकणारी एकटी ताई, तीही इस्त्री करता करता. श्रोते वाढले नाहीत तर गाशा गुंडाळा, असं केंद्रप्रमुख बाईंनी बजावलं होतं. त्या कार्यक्रमाशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं.

एका दुपारी माइकवरचा स्पंज ओठांना ओला लागला. ओला आणि कोमट. वास शिळ्या तोंडाचा.

"यात कोण थुंकलं?" मी तंत्रज्ञाला विचारलं.

"तूच की. बोलतोस कुठे, तुषारसिंचन करतोस."

पाकीट फोडून नवा स्पंज लावला. पहिलं गाणं संपेपर्यंत तोही चिंब. दाबला तर बुळबुळीत तार बोटापासून माइकपर्यंत लोंबली. मला उमासा आला, पण तोंडाला पाणी सुटलं नाही. जीभ टाळूवर खरखरली.

घरी ताई म्हणाली, "गाण्यांच्या मधे काय चाटत असतोस रे? शी."

"मधे मी गप्प असतो."

"गप्प कुठला. मचमच चालू असते नुसती."

श्रोत्यांना मात्र तेच आवडलं. फोन येऊ लागले: गाणी कमी करा, मधलं ते वाढवा. बाईंनी माझी पाठ थोपटली. मला पाण्याशिवाय घास उतरेनासा झाला. स्पंजातून टेबलावर ठिबकू लागलं, तेव्हा तंत्रज्ञाने खाली वाटी ठेवली. ती बेसिनमध्ये ओतताना तो माझ्याकडे बघायचा नाही.

शेवटी मी गेलोच नाही. ताईसमोर बसून राहिलो. तिने सवयीने रेडिओ लावला.

"नमस्कार मंडळी," माझा आवाज म्हणाला. ओलसर, गुबगुबीत, माझ्यापेक्षा प्रेमळ.

"आज छान बोलतोयस," ताई रेडिओला म्हणाली.

मी तिला हाक मारली. तोंडातून नुसती कागदाची सळसळ निघाली.

रेडिओने घोट गिळला.

माझा गळा हलला.

तरी केंद्रप्रमुखांना विनंती की, वाटीत जमा होणारा द्रव बेसिनमध्ये न ओतता, अर्जदारास निदान एका हाकेपुरता, कार्यालयीन वेळेत परत करण्यात यावा.