जर्मनची वाटी

फाल्गुन अर्धा सरला होता. पिंपळनेरच्या शाळामास्तरांच्या घरात भल्या सकाळी चूल पेटली आणि मास्तरांच्या बायकोनं, सुनंदानं, दुधात पीठ भिजवून सहा दशम्या भाजल्या. फडक्यात दशम्या बांधल्या, पिशवीत बाळाची लंगोटं घातली, वर एक कोरं लुगडं ठेवलं. फिरकीचा तांब्या मात्र सासूबाईंनी, शेवंताबाईंनी, स्वतः भरून झाकण गच्च फिरवून हातात दिला.

"पाड्यावर पानी पिऊ नको. हाऊ तांब्या पुरी जाई."

"बरं."

"आनि बुधीले सांग, पहिलासारखं समदं करसूत. वाटी नवी देसूत."

सुनंदानं मान खाली घातली. सात महिन्यांचा अभिमन तिच्या खांद्यावर पडून होता, कापसाच्या पेळूसारखा हलका. बकरीचं दूध, गाईचं दूध, साबुदाण्याची पेज, दोन महिन्यांत काही म्हणता काही पोटात ठरलं नव्हतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ज्या बाईच्या अंगावर हे पोर वाढलं तिला परत आणा, नाहीतर माझ्या औषधात काही राम नाही. मास्तरांच्या शाळेत नेमकी तपासणी आलेली. म्हणून बुधीला आणायला सुनंदा एकटीच निघाली होती.

बुधी डोंगरावरच्या पाड्यातली. भाद्रपदात अभिमन झाला, सुनंदाला ताप भरला आणि दूध आटलं. त्याच आठवड्यात बुधी सरपणाची मोळी विकायला दारात आली. तिच्या चोळीवर दोन ओले डाग दिसले, आणि तिला ठेवून घेतलं. तिची स्वतःची सव्वा वर्षाची पोर पाड्यावर सासूजवळ राहिली. "दूधले इटाळ नही ऱ्हास, पानीले ऱ्हास," असं शेवंताबाईंनी ठरवून टाकलं. म्हणजे बुधीनं मागच्या दारी अंघोळ करायची, पडवीत बसून बाळाला पाजायचं, आणि तिला तहान लागली की सुनंदानं वरून पाणी सोडायचं. त्यासाठी पडवीच्या कोनाड्यात एक जर्मनची वाटी वेगळी ठेवली होती. तिचा काठ एका जागी चेपलेला होता. ते पाणी हातभर उंचावरून सोडताना सुनंदाची नजर नेहमी दुसरीकडे असे.

पण तिला रात्रंदिवस टोचत होतं ते एवढंच नव्हतं.

पौषात पाड्यावरून निरोप आला होता, पोर तापली आहे. बुधी दारात उभी राहून म्हणाली, "मास्तरीन, दोन रोज जाई येस." घरात सुनंदा एकटीच होती. अभिमन नुकता बाळसं धरू लागलेला. सुनंदा म्हणाली, "थांब गं. संक्रांत होऊन जाऊ दे." बुधी थांबली. तिसऱ्या दिवशी दुसरा निरोप आला. तो ऐकून बुधी रडली नाही, भांडली नाही. सुनंदानं वाटीत ओतलेलं पाणी तसंच ठेवून ती निघून गेली. मास्तरांनी विचारलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "घरची ओढ लागली तिला, गेली." सासूबाईंनाही तेच सांगितलं. शेवंताबाईंनी ती वाटी उकिरड्यावर फेकली, आणि गोष्ट तिथंच मिटली असं घरानं धरून टाकलं.

गाडीवान उखर्डू वाटभर बोलत होता. चढ लागला तसा त्याचा एक बैल अडला.

"दखा, वहिनी. मना ढवळ्या तुम्हना मास्तरसारखा शे. चढ दखना का बठी जास!"

एरवी ती हसली असती. आज तिनं नुसतं बाळाचं टोपडं सारखं केलं.

डोंगराच्या पायथ्याशी उखर्डूनं गाडी सोडली. "आते पायवाट. ते टेकाड चढनं का पाडा. सात घरं शेतस. मी बैलसपान ऱ्हास, आठे बिबट्या ऱ्हास."

ऊन डोक्यावर आलं होतं. अभिमन रडत होता, पण त्या रडण्याला आवाज उरला नव्हता. टेकाड चढेस्तोवर तिनं दोनदा तांब्या उघडला आणि पाणी संपवून टाकलं. वर पोचली तेव्हा पहिल्यांदा आला तो वास. मोहाच्या फुलांचा, गोड, आंबूस, घशाला चिकटणारा. मग तिच्या ध्यानात आलं की एकही कुत्रं भुंकलं नाही. कुडाची सात घरं उन्हात उभी होती. अंगणात फुलं वाळत घातलेली. माणूस म्हणून कुठं नाही.

शेवटच्या घरातून तेवढा आवाज येत होता. झोळीची दोरी आढ्याला घासते तसा. कर्र... कर्र...

ती त्या ओट्यापाशी गेली. दार उघडं होतं, आत काळोख. काळोखातून बुधी उंबऱ्यात आली. तीच, फक्त वाळलेली.

"उनात, मास्तरीन?"

"आले गं," सुनंदा म्हणाली. बुधीनं वाकून तिच्यापुढं पाणी धरलं. जर्मनच्या वाटीत. चेपलेल्या काठाच्या.

सुनंदाच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिनं उकिरड्यावरून आमची वाटी उचलून आणली. लगेच तिचं तोंड कानापर्यंत तापलं. मेलेल्या पोरीच्या आईसमोर आपल्याला वाटी आठवली! तरी हात काही पुढं झाला नाही.

"आत्ताच प्यायले," ती म्हणाली. "तांब्या आहे बरोबर."

बुधीनं वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि हात पुढं केले. दोन महिने मान न धरणारं पोर त्या हातांकडे झेपावलं. बुधी पाठ करून आत बसली. थोड्याच वेळात घुटक्यांचा आवाज ऐकू आला, मोठ्या, अधाशी घुटक्यांचा. सुनंदा ओट्यावर बसली. डोळ्यांतलं पाणी पुसत ती त्या पाठीशी बोलू लागली.

"बुधी, परत चल. तुला लुगडं आणलंय... तू म्हणशील ते देऊ. माझं चुकलं गं. पण हा जगत नाही तुझ्यावाचून..."

"हळू बोला," बुधी म्हणाली. "मनी पोर झोपेल शे."

आत झोळी हलत होती. तिच्यात वजन होतं. खालचं कापड गोल ताणलेलं दिसत होतं.

"कोणती... कोणती पोर?"

घुटके थांबले. बुधीनं मागं वळून पाहिलं नाही.

"तुम्ही थांब म्हनात, मास्तरीन. पोर नही थांबनी... मंग मी बी नही थांबनू."

सुनंदाची नजर खाली गेली, उंबऱ्यावरच्या वाटीकडे. पाणी काठोकाठ होतं आणि त्यावर हलकी थरथर उठत होती. प्यावं, असं तिला वाटलं. नक्की वाटलं.

"कोन शे वं बाई? बंद घरना दारसे का बठनी?"

मागं एक म्हातारी उभी होती, डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली. सुनंदानं दचकून समोर पाहिलं. दार लावलेलं होतं. कडीच्या जागी सालीची दोरी बांधलेली होती आणि गाठीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. अभिमन तिच्या स्वतःच्या मांडीवर गाढ झोपला होता. वाटी नव्हती. उंबऱ्यावर तेवढं ओलं वर्तुळ होतं, तेही उन्हानं वाळत होतं.

"बुधी..." सुनंदानं दाराकडे बोट केलं. "बुधीकडे आले होते."

म्हातारीनं टोपली खाली ठेवली. ती बुधीची सासू निघाली. तिनं बाळाकडे पाहिलं, मग सुनंदाच्या काचेच्या बांगड्यांकडे, आणि सगळं ओळखलं.

"पोरनी माती व्हयनी. बुधीनी छातीमा दूध गोठी गयं. आंग भट्टीसारखं तपे. पाचवे रोज गयी. घर तव्हयपासून बंद शे."

ती एवढंच बोलली. तिच्या आवाजात राग असता तर सुनंदाला बरं वाटलं असतं. म्हातारी शेजारच्या घरात गेली आणि भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन आली.

"पी, बाई. उन्हामा उनी तू. आमना पाडामा पाहुना पानी न पिता गया, ते घरनी बाईले बी त्या दिन पानी चालत नही."

घसा कोरडा पडला होता. तांब्या रिकामा होता. समोर ती सासू होती, जिच्या घरातली दोन माणसं तिनं नेली होती. सगळं कळत असताना, सगळं दिसत असताना, सुनंदाच्या जिभेनं आपोआप म्हटलं, "आत्ताच प्यायले, आजी."

म्हातारीनं एकदा त्या तांब्याकडे पाहिलं. तुंबा उचलून ती आत गेली आणि स्वतः एक थेंबही न पिता पुन्हा फुलं निवडायला बसली.

लुगडं ओट्यावर ठेवायचंही सुनंदाला धाडस झालं नाही. ते तसंच पिशवीतून परत आलं.

टेकाड उतरताना अभिमन जागा झाला आणि हसला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा पांढरा थेंब होता. तोंडाला मोहाचा वास येत होता.

"पोर टवटवीत दिसस, वहिनी!" उखर्डू म्हणाला. "बुधी नही उनी का?"

"नाही. तिला... सवड नाही."

घरी पोचल्यावर ती आधी मागच्या पडवीत गेली. कोनाड्यात वाटी होती. चेपलेला काठ, काठोकाठ पाणी. तिनं सासूबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तेव्हापासून रोज भर दुपारी सुनंदा अभिमनला पडवीत टाकलेल्या गोधडीवर निजवते आणि दार लोटून आत येते. आतून तिला घुटके ऐकू येतात आणि आढ्याला दोरी घासल्याचा आवाज. पडवीला तर आढंच नाही, नुसती पत्र्याची उतरण आहे. अर्ध्या घटकेनं दार उघडलं की पोराचं पोट टम्म असतं. आता तो गुटगुटीत झालाय. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, बाई परत मिळाली वाटतं! मास्तर हसले, शेवंताबाईंनी दृष्ट काढली. मेल्यावरही आपण तिला राबवून घेतो आहोत, हे एकटी सुनंदा जाणते आणि त्या डॉक्टरांसमोर मान वर करू शकत नाही.

वाटीतलं पाणी ती अजून प्यायलेली नाही. रोज उचलते. ओठांपर्यंत नेते. त्याला मोहाचा वास येतो. मग आतून सासूबाईंची हाक येते, किंवा आलीशी वाटते, आणि ती वाटी खाली ठेवते. उद्या पिईन, म्हणते.

पौषापासून सुनंदानं एक शब्द तोंडातून टाकला होता. गाडीवानाला, भाजीवालीला, मास्तरांनासुद्धा ती तो म्हणत नसे. सासूबाई अहिराणी बोलत, त्यांच्या तोंडी तो तिनं कधी ऐकला नव्हता. घरात कुणी तो बाळाला शिकवला असेल, असं नव्हतंच.

वैशाखात, वर्षाचा व्हायच्या आधीच, अभिमन बोलायला लागला. आई म्हणाला नाही, बाबा म्हणाला नाही. भर दुपारी पडवीत उभं राहायची धडपड करताना त्यानं कोनाड्याच्या वर, माणसाच्या चेहऱ्याइतक्या उंचीवर, रिकाम्या जागेत पाहिलं, आणि लाडानं हात पुढं करत स्पष्ट म्हणाला,

"थांब."

दाराआड उभ्या असलेल्या सुनंदाला ऐकू आलं. दोरीचा आवाज थांबला होता.